हातात सगळी गाणी आहेत, पण ऐकणं होऊन राहिलं का?

बर्डीचा_भाऊ | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, बरेच दिवसांपासून डोक्यात घोळून राहिलं होतं, आज लिहूनच टाकतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आज मी अन् माझा मुलगा (दहावीत आहे) नागपूरच्या मानेवाड्याहून बुटीबोरीला गेलो होतो, आत्याकडे जेवण होतं. पाऊण तासाचा रस्ता. फोन गाडीला जोडलेला, गाणी लावायचं काम त्याच्याकडे. वर्धा रोडला लागलो तेव्हा सहज मोजायला लागलो, तर बुटीबोरी येईपर्यंत पोट्ट्यानं सव्वीस गाणी लावली अन् पूर्ण वाजलं ते एकच, तेही तेव्हा तो समोसा खाऊन राहिला होता, हात तेलकट होते म्हणून. मी काही बोललो नाही. येताना म्हटलं आता मी लावतो. अन् खरं सांगतो, मीही तेच केलं. एक लावलं, मुखडा झाला, अंतरा सुरू व्हायच्या आत दुसरं आठवलं, ते लावलं, मग तिसरं. घरी पोचलो तेव्हा एकाही गाण्याचा शेवट कानात नव्हता.

मग मला आमची पहिली भरून घेतलेली कॅसेट आठवली. साल १९८८, मी चौथीत. बर्डीला (म्हणजे सीताबर्डी, बाजाराचा भाग) मोदी नंबरच्या गल्ल्यांमधे एक दुकान होतं, छतापर्यंत रेकॉर्डी अन् कॅसेटी. कागदावर गाणी लिहून द्यायची, चार दिवसांनी कॅसेट भरून मिळायची. (कायद्यात ते बसत नव्हतं हे आता कळते, तेव्हा सगळं गाव तेच करत होतं.) बाबांनी ब्लँक सी-६० घेतली, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आमच्या घरी यादी करायला दहा दिवस लागले. एकरेघी वहीचं पान रेडिओखाली दाबून ठेवलेलं, ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहायचं. बाबांची बरीच, आईची पाच-सहा, आजीचे दोन अभंग, माझं एक. तिसाच्या वर झाली. मग खोडायला बसलो. आईनं स्वतःचं एक खोडलं अन् आजीचा अभंग ठेवला, हे मला अजून दिसते. दुकानदारानं यादीवर पेन्सिलीनं प्रत्येकासमोर मिनिटं मांडली अन् म्हणाला, भाऊ, ए साइडला आठ बसतात, नववं अर्ध राहील. बाबा म्हणाले, राहू द्या, जेवढं येते तेवढं घ्या.

ते नववं गाणं म्हणजे आशाबाईंचं एक भावगीत. आमच्या घरी ते वीस वर्षं दुसऱ्या अंतऱ्यात एका शब्दाच्या मधेच तुटायचं अन् बटण टक्कन वर यायचं. २०११ मधे मी ते पहिल्यांदा यूट्यूबवर पूर्ण ऐकलं. पुढे अजून एक अंतरा आहे हे मला माहीतच नव्हतं. ऑफिसमधे होतो, खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्यामुळे इंटरनेटनं काही दिलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. तेव्हा निवडायचं काम आधी होऊन जायचं. भांडण, खोडाखोड, मिनिटांचा हिशोब, सगळं कागदावर. कॅसेट लावली की कानाला एकच काम उरायचं, ऐकायचं. आता निवडणं अन् ऐकणं एकाच वेळी चालते. गाणं वाजून राहिलं असते अन् मनात एक माणूस सारखा विचारत असतो, हेच राहू द्यायचं की बदलायचं? तो माणूस बसला की गाण्यात शिरताच येत नाही. तुमच्याकडे काय होते ते सांगा.

तर्रीपोहे | रविवार, रात्री ११:१५

काका मी तुमच्या मुलाच्याच वयाचा समजा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही गाडीत असताना ऐकत नाही, शोधत असतो. सव्वीस लावली त्यातलं एखादं पकडते, मग ते आठवडाभर दुसरं काहीच नाही, तेच, चाळीस-पन्नास वेळा. तुम्ही दहा दिवस कागदावर केलं ते आम्ही पाऊण तासात गाडीत करतो. पोट्ट्याला विचारून पाहा, रात्री हेडफोन लावून तो काय ऐकते. तेव्हा तो बदलत नसेल.

महालवाली_आत्या | सोमवार, सकाळी ७:०५

भाऊ, छान लिहिलंस. मी ७४ वर्षांची आहे, नातीनं टाइप करायला शिकवलं, चुका दिसल्या तर चालवून घे.

आमच्या वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. त्याचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला, रेडिओ सिलोनवर. खालच्या ओट्यावर सगळे जमायचे, मुली एका बाजूला. सिलोनचा आवाज शॉर्टवेव्हवर लाटेसारखा यायचा अन् जायचा, नेमकी चांगली ओळ आली की दूर जायचा. माझे वडील सांगायचे की १९५२ मधे केसकर माहिती-प्रसारण मंत्री होते, त्यांनी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद केली म्हणून लोक सिलोनला वळले, अन् मग १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आलं. म्हणजे लोकांना जे ऐकायचं ते लोक तेव्हाही कुठून तरी ऐकतच होते.

मला सांगायचं आहे ते माझ्या आईच्या वहीचं. ती रेडिओवरून गाणी उतरवून घ्यायची. एकदा वाजलं की जेमतेम दोन-तीन ओळी हाती लागायच्या, बाकी जागा ती मोकळी सोडायची, टिंबं टिंबं देऊन. पुन्हा ते गाणं कधी लागेल याचा नेम नाही. लागलं की हातातली पोळी तव्यावर टाकून वही घ्यायची. अजून ती वही माझ्याकडे आहे. एका भावगीतात पहिलं कडवं निळ्या शाईत आहे, दुसरं काळ्या शाईत आहे, अन् मधला एक शब्द पेन्सिलीनं, त्याला सहा-आठ महिने लागले असतील. एके ठिकाणी तिनं चुकीचं ऐकलेलं लिहिलं अन् आम्ही बहिणी ते तसंच गात मोठ्या झालो. परवा नातीनं फोनवर खरे शब्द काढून दाखवले. खरा शब्द चांगला आहे, कवीचाच आहे, पण माझ्या तोंडातून अजूनही आईचाच येतो.

अन् एक तक्रार. आकाशवाणीवर निवेदिका आधी कवी, मग संगीतकार, मग गायक, असं नाव घेतल्याशिवाय गाणं लावत नसे. आम्हा बायकांना, ज्या कधी कॉलेजात गेल्या नाहीत, त्यांना सगळे कवी तोंडपाठ होते ते त्यामुळे. नातीच्या फोनवर गाण्याखाली गायकाचं नाव असते, सिनेमाचं असते, चित्र असते. कवी पाहायला तीन ठिकाणी बोट लावावं लागते अन् तरी कधी मिळतो कधी नाही. सुरेश भट अन् ग्रेस याच नागपुरात राहिले. त्यांची गाणी इथलीच पोरं ऐकतात अन् कोणी लिहिलं ते माहीत नाही, हे मला लागते.

पुण्यातला_नागपूरकर | सोमवार, सकाळी ९:३०

आत्या, 'आठवणीतली गाणी' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं मराठी गाण्याचे शब्द, कवी, संगीतकार, गायक, राग सगळं व्यवस्थित दिलेलं असते. नातीला सांगा. तुमची वही स्कॅन करून ठेवा एवढं नक्की करा, चुकीच्या शब्दासकट.

यमनकल्याणी | सोमवार, दुपारी १:५०

दादा, तुमचं लिखाण आवडलं पण मला विरोध करायचा आहे, राग मानू नका.

मी हिंगण्याची. बाबा एमआयडीसीत कामाला. घरात टेप नव्हता, कॅसेटी नव्हत्या, यादी करायला वहीचं पान होतं पण बर्डीला कॅसेट भरून घ्यायला पैसे नव्हते. मला गाणं शिकायचं होतं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, जुन्या लोकांचं ऐक. कुठून ऐकू? एका संग्राहकांचं नाव कळलं (इथं नाव घेत नाही), त्यांच्याकडे आईबरोबर गेले. दारातच विचारलं, तुला काय करायचं आहे त्याचं? चार चकरा मारल्या, पाचव्यांदा गेलेच नाही.

सप्टेंबर २०१६ मधे जिओ आलं, डिसेंबरपर्यंत फुकट, पुढे मार्चपर्यंत वाढवलं. त्याच्या आधी एक जीबीला अडीचशे रुपये जायचे अन् ते महिनाभर पुरवायचं, व्हिडिओ तर कोणी लावतच नव्हतं. बाबांनी सिम आणलं त्या रात्री मी केसरबाई केरकरांची भैरवी ऐकली. १९७७ मधे व्हॉयेजर यानासोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात भारतातली जी रेकॉर्ड आहे तीच ही, 'जात कहाँ हो'. सूर्यमालेच्या बाहेर चाललेली ती भैरवी मला हिंगण्यात मिळायला २०१६ उजाडलं. साडेतीन मिनिटांची आहे, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. मी त्या रात्री किती वेळा लावली ते आता सांगता यायचं नाही. आई झोपेतून उठून म्हणाली, अजून तीच बाई गाऊन राहिली का?

तुमच्या यादीत जे होतं ते तुम्हाला आधीच माहीत होतं ना दादा. आजीचे अभंग, आईची गाणी, तुमच्या घरात गाणं होतं. माझ्या घरात नव्हतं. मला शोधावंच लागलं, अन् शोधायला मोकळीक लागते. ती मोकळीक तुम्हाला आज ओझं वाटून राहिली. मला ती दार उघडल्यासारखी होती.

बरं, ऐकणं तुटते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पहिल्या वर्षी मी पाच-सहा जणांचे यमन ऐकले, लागोपाठ, वहीत लिहून, कोणी निषाद कसा लावला, कोणी पंचमावर किती थांबले. गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, एवढ्यांचा यमन ऐकलास, आता तुझा कुठे आहे? तेव्हापासून नियम केला. एक राग, एक गायक, एक रेकॉर्डिंग, पंधरा दिवस. तान समजली नाही तर वेग पाऊणपट करायचा, हे टेपवर जमलं असतं का? म्हणजे निवड मीही आधीच करते. फक्त मिनिटं मला कोणी दुकानदार मोजून देत नाही, माझी मीच मोजते.

बर्डीचा_भाऊ | सोमवार, संध्याकाळी ६:२०

ताई, राग कशाला मानू. वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्या दुकानासमोरून पैशाअभावी पुढे जाणारं कोणी असेल हा विचार मी कधी केलाच नव्हता. अन् सी-६० घेणारा माणूस गल्लीत आमच्याच घरचा होता, बाकी घरं आमच्या खिडकीतून ऐकायची, हेही आता आठवून राहिलं.

तर्रीपोहे, तुझं ऐकून काल रात्री मुलाला विचारलं. खरं आहे तुझं. त्यानं त्याचं 'पकडलेलं' गाणं मला हेडफोन काढून ऐकवलं, पूर्ण. शब्द फार कळले नाहीत पण मधे बेसगिटार एकटं येते तिथं त्यानं माझा हात धरला, बाबा हे ऐका म्हणून.

निळी_कॅसेट | सोमवार, रात्री ९:१०

जय भीम सगळ्यांना. वाचतो जास्त, लिहितो कमी, पण हा धागा माझ्या घरचा विषय आहे.

माझे वडील नागपुरातल्या इंदोऱ्याचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या बाहेर पंचवीस वर्षं कॅसेटींचं दुकान लावलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथं दीक्षा दिली अन् दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, मराठवाड्यातून, खानदेशातून, पार तेलंगणातून. रस्त्याच्या दोन्ही कडांना पुस्तकं, मूर्ती अन् गाणी. लोक आमच्या ताडपत्रीसमोर येऊन एकच विचारायचे, यंदा नवीन काय आहे? वडील नवीन कॅसेट भोंग्यावर लावायचे, लोक उभ्या उभ्या पूर्ण गाणं ऐकायचे, डोक्यावर गाठोडं तसंच. मग कनवटीचे पैसे निघायचे. एक कॅसेट गावी गेली की वर्षभर विहारात, लग्नात, बारशात तीच. यमनताई म्हणते ते आमच्याकडे उलट होतं, आमच्याकडे घरात भात कमी असेल पण गाणं होतं. रेडिओवर आमचं गाणं क्वचित लागायचं म्हणून कॅसेट हाच आमचा रेडिओ.

आता मुद्दा. भाऊंनी वर लिहिलं, हातात सगळी गाणी आहेत. नाहीत भाऊ. वामनदादा कर्डकांचं मिळते, मोठ्या गायकांचं मिळते. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूर, अकोल्याचे जे शाहीर अन् कव्वाल होते, ज्यांनी कर्ज काढून एखादी कॅसेट काढली, ती त्या एका वर्षी विकली गेली अन् संपली, ते कुठल्याच अ‍ॅपवर नाही. माझ्या लोखंडी कपाटात ३४० कॅसेटी आहेत. परवा बसून एक-एक नाव फोनवर टाकलं. शंभर शोधल्या, अकरा सापडल्या. अन् आजकाल काय झालं आहे, फोनवर सापडलं नाही की पोट्टे म्हणतात असं गाणंच नाही. आधी नाही मिळालं तर माणूस म्हणायचा, मिळालं नाही. आता म्हणतो, नाहीच आहे. याचं मला रात्री झोपताना वाईट वाटते.

म्हणून दोन वर्षांपासून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून राहिलो. जुना कॅसेट डेक घेतला, लाइन-आउटची वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी सॉफ्टवेअर फुकट आहे. पण आधी कॅसेट उघडावी लागते, कारण नागपूरच्या उन्हाळ्यानं आतली मधली फेल्टची छोटी गादी, जी टेपला हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) दाबून धरते, तिचा गोंद सुटून ती खाली पडलेली असते. गादी नसली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येते. दुसऱ्या फालतू कॅसेटीची गादी काढून चिमट्यानं हिच्यात लावायची. मग हेड स्पिरिटनं पुसायचं, अन् हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असते तो केसभर इकडे केसभर तिकडे फिरवायचा. एका जागी 'स' अन् 'श' असे स्वच्छ होतात की वाटते गायक खोलीत आला. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात, घाई करताच येत नाही. पूर्ण दर्जाची फाइल ठेवली तर मिनिटाला दहा एमबी, म्हणजे एका कॅसेटीला सहाशेच्या वर. ३४० पैकी ९७ झाल्या.

भाऊ, तुम्ही विचारलं ना ऐकणं होते का. माझं होते. कारण त्या तासाभरात मला बदलता येत नाही. मी त्या कॅसेटी पूर्ण ऐकल्या, प्रस्तावनेपासून. मधे गायक आपल्या गावाचं, तालुक्याचं नाव घेते, पेटीवाल्याचं नाव घेते, पैसे देणाऱ्या मामाचं नाव घेते. ते सगळं कापून आता नुसतं गाणं चढवतात लोक.

बिट_रेट | सोमवार, रात्री ११:४५

निळी_कॅसेट भाऊ, सलाम आहे. एक सुचवतो, फाइलच्या नावात नुसतं गाणं नका लिहू, गायक, गाव, साल, कॅसेटीच्या वेष्टनाचा फोटो, सगळं सोबत ठेवा. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर. अन् साधारण कायदा असा की ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं त्याचे हक्क असतात, शब्द अन् चालीचे हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे तुमच्या कॅसेटी अजून हक्काखालीच आहेत, जपायला उतरवताय ते ठीक, नेटवर टाकायच्या आधी शाहिरांच्या घरी जाऊन विचारा. बहुतेक घरं आनंदानं हो म्हणतील.

मी सॉफ्टवेअरमधे आहे म्हणून मूळ प्रश्नाबद्दल थोडं. हे जे एकामागून एक आपोआप गाणं येते ते काय गाणं ऐकून लावत नाही कोणी. मुख्यतः हिशोब असा असते की ज्यांनी हे ऐकलं त्यांनी अजून काय ऐकलं. त्यामुळे जे आधीच खूप वाजते ते अजून वाजते. मराठी भावगीत लावलं की माझ्याकडे चौथ्या-पाचव्या गाण्याला फिरून फिरून त्याच वीस-पंचवीस गाण्यांत येते. यादी अमर्याद आहे पण चक्कर छोटी आहे. अन् स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा 'ऐकलं' म्हणून मोजल्या जाते. मग बनवणारा काय करेल? लांब आलाप, सुरुवातीचं वाद्यसंगीत, हे सगळं आखडतं घेईल, तीस सेकंदांच्या आत माणूस धरायचा.

माझा उपाय साधा आहे. ऑटोप्ले बंद. शफल बंद. रविवारी बसून बारा-पंधरा गाण्यांची यादी करतो, डाउनलोड करतो, अन् ऐकताना फोन एरोप्लेन मोडवर, पालथा, हातापासून दूर. संपली यादी की शांतता. पहिल्या वेळी ती शांतता जरा टोचते.

वडसा_ऑर्गन | मंगळवार, सकाळी ८:१५

राम राम जी. मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, ऑर्गन वाजवतो, वडशाकडे. दिवाळीनंतर सीझन लागते ते होळीपर्यंत, रातभर नाटक, पहाटे घरी. आमचं ऐकणारं पब्लिक मंडपात बसलेलं, त्यानं गाणं मधे बदलता येत नाही, आवडलं तर वन्स मोअर देते, नाही आवडलं तर तोंडावर सांगते.

मोबाइल आल्यावर काय बदललं ते सांगतो. आधी सिनेमाचं गाणं आम्ही नाटकात घेतलं तर आमच्या गायिकेच्या पट्टीत, आमच्या ठेक्यात, मधलं म्युझिक आमच्या मनचं. कोणी म्हणत नव्हतं चुकलं म्हणून, लोकांनी मूळ गाणं दोन-चार वेळाच ऐकलेलं. आता पहिल्या रांगेतला पोट्टा मूळ गाणं शंभर वेळा ऐकून येते. मधे बासरीचा तुकडा नाही वाजला की त्याले चुकल्यासारखं वाटते. मग आम्ही पण जसंच्या तसं वाजवाले लागलो, कीबोर्डवर तोच आवाज शोधाले लागलो. मले तो त्रास वाटते. पण त्याच मोबाइलनं मागच्या साली आमच्या एका नाटकाचं गाणं कोणीतरी चढवलं अन् पुण्या-मुंबईत कामाले गेलेल्या आमच्या गावच्या पोरांनी ते ऐकलं, एकानं रात्री दोन वाजता फोन केला, दादा तुमचा ऑर्गन ऐकला, मंडप आठवला. रडत होता जी तो.

यमनकल्याणी | मंगळवार, सकाळी १०:४०

वडसा_ऑर्गन दादा, ते गाणं जसंच्या तसं वाजवू नका. तुमच्या पट्टीतलं, तुमच्या ठेक्यातलं दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. निळी_कॅसेट दादांच्या त्या कव्वालांसारखं.

अन् निळी_कॅसेट दादा, रविवारी मला वेळ असते. फाइलींना नावं लिहायचं, गावं-सालं टाकायचं काम मी करू शकते. बस पकडून येते.

तर्रीपोहे | मंगळवार, रात्री ९:२०

बिट_रेट दादाचं करून पाहिलं. बारा गाणी, फोन पालथा, अंबाझरीला जाऊन बसलो. तिसऱ्या गाण्याला हात खिशात गेला. सातव्याला गेला नाही. नववं मला आधी आवडत नव्हतं, मी तेच नेहमी उडवतो, मित्रानं यादीत टाकलं होतं. ते शेवटी शेवटी उलगडते, आधीचं तीन मिनिटं त्याच्यासाठीच असते हे मला आज समजलं.

महालवाली_आत्या | बुधवार, सकाळी ६:५०

वही स्कॅन झाली. ११२ पानं. नातीनं चुकीच्या शब्दाला खूण केली आहे पण खोडला नाही, मीच सांगितलं तसं.

बर्डीचा_भाऊ | पुढच्या शनिवारी, रात्री १०:०५

मंडळी, राहिलेलं सांगतो.

ती कॅसेट सापडली. पलंगाखालच्या ट्रंकेत, आजीच्या शालीत. गादी पडलेलीच होती. निळी_कॅसेट भाऊंना फोन केला, गुरुवारी इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी माझ्यासमोर चिमट्यानं नवीन गादी लावली, स्क्रू फिरवला, अन् पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी ती सूं अशी खरखर आली ना, मला आमच्या महालातल्या घराचा वास आला. पूर्ण ए साइड आम्ही दोघं काही न बोलता ऐकली. वहिनींनी चहा ठेवला तो तसाच थंड झाला.

फाइल घेऊन घरी आलो. मला वाटलं बाबांना एक छान भेट द्यावी. म्हणून मी काय केलं, नववं गाणं जिथं तुटते तिथपासून पुढचं, नेटवरच्या चांगल्या रेकॉर्डिंगमधून घेऊन जोडलं. मुलानं मदत केली, जोड कुठे आहे ते कळत नव्हतं इतकं सफाईनं केलं. आज संध्याकाळी बाबांना (त्यांचं वय ८१ आहे, ऐकू बरं येते) खुर्चीत बसवून लावलं. आठही गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. कोणतं कोणाचं ते मुलाला सांगत होते, हे तुझ्या आजीचं, हे माझं, हे तुझ्या बापानं हट्टानं टाकलं. आजीच्या अभंगाला हात जोडले. नववं लागलं. दुसऱ्या अंतऱ्याला, जिथं शब्द तुटते, नेमकं तिथं त्यांनी डोळे उघडले अन् हात पुढे केला, कॅसेट पलटवायला. गाणं तर पुढे चालू. ते बराच वेळ ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, चांगलं आहे. मग म्हणाले, पण हे आपल्या कॅसेटीतलं नाही. तुझ्या आईनं तिचं खोडलं होतं ते ह्याच्यासाठी नाही.

मी मूळ फाइलवरच जोड मारला अन् मूळ ठेवलीच नाही, हे आत्ता लक्षात आलं. निळी_कॅसेट भाऊ, तुमच्याकडे असेल तर पुन्हा पाठवता का?

निळी_कॅसेट | शनिवार, रात्री १०:३०

आहे न. पाठवली. ३० मिनिटं ४१ सेकंदांची आहे. शब्द जिथं तुटते तिथंच तुटते, त्याच्यामागे दोन सेकंदांची नुसती खरखर आहे, तीही ठेवली. बी साइड उद्या भरतो, यमनताई येऊन राहिली, तिला गाण्यांची नावं सांगायला बाबांना दुपारी फोन लावून द्या.